विश्वास आणि मंडळी

आमच्या शहराच्या क्रांति चौकांत सायंकाळीं वाहनांची इतकी दाटी होते कीं, छत्रपति शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे दृष्टि वळली तरी तेथील काला चबुतऱ्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. सन १८५७ च्या जून महिन्यांत येथील छावणींतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळांत असंतोष माजला. आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी वार्ता त्या स्वारांत पसरली होती. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि कित्येकांस देहदंड झाला. कांहींस तर तोफेच्या तोंडीं दिलें. त्या शिक्षेचें स्थळ म्हणून शहर आजहि काला चबुतऱ्याकडे बोट दाखवितें, आणि चौकाचें नांवहि त्या स्मृतीचेंच आहे.

त्याच १८५७ सालीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. हिंदु विधवांच्या हालअपेष्टांची कहाणी सांगणारें हें पुस्तक मराठी कादंबरीच्या आरंभीं गणलें जातें. त्याचा कर्ता बेळगांवांत जन्मलेला, आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वीं ख्रिस्ती झालेला. एकाच वर्षांत इकडे तोफ आणि तिकडे पुस्तक. काडतुसांची बातमी गांवोगांव फिरत होती, धर्म बुडणार या भयानें माणसें जिवावर उदार झालीं होतीं. राज्यकर्त्यांचा म्हणून जो धर्म दारीं येतो, त्याचें पुस्तक कोणी निर्मळ मनानें उघडील अशी अपेक्षा अशा वेळीं कशी करावी? आपल्या वाडवडिलांच्या मनांत ख्रिस्ती पुस्तकांविषयीं जी शंका राहिली, तिचें मूळ या काळांत आहे. आणि ती अगदींच निराधार होती असें मी म्हणणार नाहीं.

ती शंका मलाहि वारशानें मिळाली होती. तिनें माझ्या हातून एक गोष्ट घडविली, ती आधीं सांगून टाकितों; कारण माझें पुढील सारें वाचन त्या गोष्टीपासून सुरू झालें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी या जिल्ह्यांतील एका शाळेंत मराठी शिकवीत असें. सातवीच्या वर्गांत समास चालू असतां मागच्या बाकावरील एक मुलगा मांडीवर कांहीं तरी धरून वाचीत असलेला मला दिसला. मीं तें काढून घेतलें. तो 'नवा करार' होता. तळहाताएवढा, निळ्या पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला. सर्व वर्गादेखत मीं म्हटलें, "तुझ्या पाद्रीबोवांस सांग, त्यांनीं येऊन न्यावा." वर्ग हंसला. मुलगा हंसला नाहीं, आणि रडलाहि नाहीं. त्यानें खालीं मान घालून समासाची वही उघडली. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर गोष्टींचें पुस्तक सांपडलें असतें, तर तास संपतांच मीं तें परत दिलें असतें. हें मीं दिलें नाहीं. परीक्षा झाली, उन्हाळ्याची सुटी लागली, आणि त्याचे आईबाप कामाच्या शोधांत गांव सोडून गेले. पुस्तक माझ्या ट्रंकेंत राहिलें. निवृत्तीनंतर जुने कागद चाळतांना तें पुन्हां हातीं आलें. पहिल्या पानावर पेन्सिलीनें त्या मुलाचें नांव होतें आणि नांवाखालीं त्याच्याच अक्षरांत लिहिलें होतें, 'हें पुस्तक माझें आहे.' तेव्हां मीं तें वाचावयास घेतलें.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. ग्रीक आणि हिब्रू भाषांचा मला गंध नाहीं. धर्मशास्त्राच्या वादांत शिरण्याचा माझा अधिकारहि नाहीं. परंतु जन्मभर मराठी शिकविल्यामुळें शब्दापाशीं थांबण्याची संवय लागली आहे. या पुस्तकांत मी प्रथम थांबलों तो 'मंडळी' या शब्दापाशीं. आपण ज्यास चर्च म्हणतों, त्यास मराठी बायबलांत 'मंडळी' म्हटलें आहे. रोमन कॅथलिक लोक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. चर्च म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मनोरा, घंटा, झगा घातलेला पाद्री आणि भोंवतालची जागाजमीन उभी राहते. मंडळी म्हटलें कीं माणसें दिसतात. मंडळी जेवावयास बसते, मंडळी वारीस निघते, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेखहि 'आमची मंडळी' असाच करतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि जमलेल्या लोकांची सभा असाच असल्याचें जाणते सांगतात. श्रद्धेस तेथें शब्द आहे 'विश्वास'. विश्वास आपण शेजाऱ्यावर ठेवितों, वाण्याच्या तराजूवर ठेवितों, मित्राच्या शब्दावर ठेवितों. हे दोन्ही शब्द आपल्या घरांतलेच आहेत.

विश्वास हा एकेकट्याचा. मंडळी मात्र अनेकांची, आणि अनेकांची म्हणून नियमांची, पैशांची, अधिकाराची. या दोहोंचें जमतें केव्हां आणि बिनसतें केव्हां, हा प्रश्न मनांत ठेवून मी मराठींतील ख्रिस्ती पुस्तकें व त्यांच्या कर्त्यांचीं चरित्रें वाचूं लागलों. जें आढळलें तें थोडक्यांत आपणांपुढें मांडतों.

या इतिहासाचा आरंभ इंग्रजी राज्याच्या पुष्कळ आधीं होतो. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ मध्यें मरण येईपर्यंत त्याच प्रदेशांत राहिला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्यापासून काढून घेण्यांत आलीं होतीं. त्या जागीं आम्हीं वाचावें काय, असें ते विचारीत. या प्रश्नाचें उत्तर म्हणून स्टीफन्सनें जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' रचलें; तें १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून छपाई रोमन लिपींत झाली. पुढें १६४९ व १६५४ मध्यें तें पुन्हां छापलें. परदेशांतून आलेल्या माणसानें आपल्या धर्माची कथा सांगण्यासाठीं ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदाचा आश्रय करावा, ही गोष्ट लहान नव्हे. लोकांचा विश्वास लोकांच्याच भाषेंत रुजतो, हें त्यानें ओळखलें होतें.

परंतु ज्या गोव्यांत हें पुराण गायिलें जात होतें, त्याच गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय बसलेलें होतें. आणि १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावें. एका धर्मसेवकानें जी भाषा हृदयाशीं धरली, तीच भाषा धर्माच्या नांवानें चालणाऱ्या राज्यास नकोशी झाली. छापील प्रती नाहींशा झाल्या. भाविकांनीं हातानें लिहून ठेवलेल्या पोथ्या मात्र घराघरांतून टिकल्या, आणि अशा पोथ्यांच्या आधारेंच जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूरास हें पुराण पुन्हां छापून काढलें. देवनागरींत तें आपणांस १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळें मिळालें. ग्रंथ राखिला तो साध्या कुटुंबांनीं. मला या प्रकरणांत खरी मंडळी तीच वाटते.

एकोणिसाव्या शतकांत दुसरा प्रवाह आला. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें छापलें, आणि नव्या कराराचें भाषांतर १८११ मध्यें मोडी लिपींत काढलें. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकारनें त्यांस स्वागत न करतां परत जाण्याचा हुकूम दिला. पाद्री आणि सरकार हे नेहमीं एका हातानें जेवीत होते, अशी जी आपली समजूत असते, तिला ही गोष्ट थोडा धक्का देते. ते राहिले, त्यांच्या मिशननें शाळा व छापखाना काढला, संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्यें तयार झालें, आणि १८४२ मध्यें अहमदनगरास 'ज्ञानोदय' हें पत्र निघालें.

आतां आमच्या मराठवाड्याशीं जडलेली एक हकीकत सांगतों. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्यें मुंबईस ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, मिशनच्या घरीं राहावयास गेला होता. बापानें न्यायालयांत दाद मागितली आणि मुलगा बापाच्या स्वाधीन करण्यांत आला. पण मग प्रश्न उभा राहिला: परधर्मीयांच्या घरीं राहिलेला हा मुलगा जातींत घ्यावा कीं नाहीं? त्यास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावें, असा पक्ष 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीं उचलला, आणि त्यावरून सनातनी मंडळींत मोठें काहूर माजलें. मुलगा पळविला म्हणून ज्यांनीं पाद्र्यांस दोष दिला, त्यांपैकींच कित्येक तो परत आल्यावर दार उघडावयास तयार नव्हते. हें वाचतांना मला प्रथमच असें जाणवलें कीं, मंडळीचा प्रश्न कांहीं एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाहीं. आपली जात हीहि एक मंडळीच आहे. तिलाहि नियम आहेत, पंच आहेत, बहिष्कार आहे, आणि विश्वासाची विचारपूस न करतां माणसास आंत किंवा बाहेर ठेवण्याची तिची रीत कोणत्याहि चर्चहून सौम्य नाहीं.

हेच नारायण शेषाद्री पुढें निजामाच्या राज्यांत जालन्यास आले. जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाचें गांव वसविलें आणि गांवकुसाबाहेर राहणाऱ्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस तेथें जमिनीवर उभें केलें. आमच्या शहरांतहि चर्च मिशनरी सोसायटीचें काम रतनजी नौरोजी या पारशी कुळांत जन्मलेल्या पाद्र्यानें अनेक वर्षें चालविलें. या प्रांतांत चर्च हें सर्वस्वी गोऱ्या माणसाचें होतें, ही समजूतहि म्हणून तपासून घ्यावी लागते.

यानंतर मीं पंडिता रमाबाईंचीं पत्रें वाचलीं. रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. आम्हां लोकांस तेवढेंच ठाऊक असतें, आणि आम्ही तेथेंच त्यांच्यावर रुसून बसतों. परंतु बाप्तिस्म्यानंतर आश्रयदात्या धर्मभगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, आणि जो १९७७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला, तो पाहावा. पुरोहितांचें एक जोखड मानेवरून उतरविलें तें दुसरें चढवून घेण्यासाठीं नव्हे, हा त्यांचा सूर त्यांत स्पष्ट ऐकूं येतो. चर्चची प्रत्येक शिकवण केवळ चर्च सांगतें म्हणून त्या मान्य करीना; स्वतः वाचीत, विचारीत, वाद घालीत. ज्यांच्या घरीं राहावयाचें, ज्यांच्या साह्यावर शिक्षण व्हावयाचें, त्यांनाच हें लिहावयाचें! विश्वास धरिला, पण बुद्धि गहाण टाकली नाहीं. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें एका कामास वाहिलीं: खेड्यांतील बाईस समजेल अशा सोप्या मराठींत, मूळ हिब्रू व ग्रीक पाहून, संपूर्ण बायबलाचें भाषांतर. एप्रिल १९२२ मध्यें त्या वारल्या. बायबल मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत तयार होऊन १९२४ मध्यें बाहेर आलें. अक्षरजुळणीच्या कामास तेथील आश्रित स्त्रियांचेच हात लागले होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणां सर्वांस कवितांमुळें परिचित आहेत. १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्याशीं स्नेहानें बोलून नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं ठेविली व वाचण्याची विनंती केली. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर टिळकांस पुस्तक खालीं ठेववेना. फेब्रुवारी १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. हा प्रसंग मीं वाचला त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. एका डब्यांत अनोळखी माणसानें तेंच पुस्तक एकाच्या हातीं दिलें; एका वर्गांत गुरुजीनें तेंच पुस्तक एकाच्या हातून ओढून घेतलें.

टिळकांचा विश्वास मराठी राहिला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. मंडळीच्या उपासनेसाठीं त्यांनीं शेकडो पदें लिहिलीं, भजन-कीर्तनाची वाट धरिली, आणि 'ख्रिस्तायन' रचावयास घेतलें. बावीस वर्षें ख्रिस्ती राहिल्यावर १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथें एकत्र बसूं शकावे, ही त्यामागची कल्पना होती. परक्या पगारावर आणि परक्या वळणावर उभी असलेली मंडळी त्यांस पुरेशी वाटेना. ख्रिस्तास त्यांनीं सोडलें नाहीं. मंडळीचें कुंपण तेवढें हलवून पाहिलें. दोन वर्षांतच, १९१९ मध्यें, त्यांचें देहावसान झालें.

या धर्मांतराची किंमत कोणीं दिली, हें पाहावयाचें असेल तर लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचावीं. पति ख्रिस्ती झाल्यावर त्या कांहीं वर्षें माहेरच्या माणसांत राहिल्या. मग त्यांच्याकडे परतल्या, पण सोंवळें आपलें वेगळें राखून. त्यांस ख्रिस्ती मंडळीनें जिंकलें नाहीं, आणि पतीच्या युक्तिवादानेंहि नाहीं. देवानें माणसें केलीं तर जाती कोणीं केल्या, हा विचार करतां करतां त्यांनीं एके दिवशीं स्वतःच शिवाशीव टाकली. मग १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. पतीचें अपुरें 'ख्रिस्तायन' त्याच जेमतेम शिकलेल्या बाईनें पूर्णत्वास नेलें. एवढें दुःख सांगतांना त्यांच्या लेखणीस कोठेंहि कडवटपणा येत नाहीं. त्या हंसतात, पतीवर हंसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःवर.

येथपर्यंत मीं सांगितलें तें बहुतेक ब्राह्मण कुळांतून आलेल्या ग्रंथकारांविषयीं. परंतु अहमदनगर, जालना, औरंगाबाद या जिल्ह्यांतील मंडळी ज्यांनीं भरली, ते महार-मांग समाजांतील लोक होते. १८७६-७७ च्या व शतकाखेरीच्या दुष्काळांत ते मोठ्या संख्येनें आले. पोटासाठीं आले, असें आपण सहज म्हणून जातों. ज्यास पाणवठ्यावर पाणी नाहीं, देवळांत पाऊल नाहीं आणि शाळेंत बसावयास जागा नाहीं, तो पोटासाठीं आला कीं मानासाठीं, हें दुरून ठरविणाऱ्यानें जरा सबुरीनें बोलावें. चर्चमध्येंहि जातीनें त्यांचा पाठलाग सोडला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि स्वातंत्र्यानंतर एक नवा पेंच आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठरल्या; शिखांस त्या १९५६ मध्यें व बौद्धांस १९९० मध्यें मिळाल्या; ख्रिस्ती झालेल्यांस त्या मिळाल्या नाहींत. परिणामीं अनेक कुटुंबांचा विश्वास एक आणि कागद दुसरा, अशी स्थिति झाली.

हें समजल्यावर मला त्या मुलाचा शाळेंतील दाखला आठवला. त्यावर धर्म 'हिंदु' असा लिहिलेला होता. तो मीं स्वतः नोंदवहींत उतरून घेतला होता. आणि पुस्तकावर त्यानें लिहिलें होतें, 'हें पुस्तक माझें आहे.' मांडीवर लपवून तो काय जपत होता, आणि वर्गादेखत मीं काय उघडें केलें, याचा अर्थ मला इतक्या वर्षांनीं लागला. पुस्तक तर मीं घेतलेंच. पण त्याच्या आईबापांनीं ज्यावर मौन राखलें होतें, तेंहि मीं चारचौघांत हंसण्यावारी नेलें. ते गांव सोडून गेले तें कामासाठींच गेले असतील, असें मी मनास सांगतों.

मंडळीहि बदलते, हें नमूद केलें पाहिजे. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूरास एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही एक मंडळी झाली. रोमन कॅथलिकांत १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर लॅटिनच्या जागीं लोकभाषा आली. स्टीफन्सनें जें ओळखलें होतें, तें रोमला साडेतीनशें वर्षांनीं पटलें म्हणावयाचें. आणि जानेवारी २०२० मध्यें, आमच्याच मराठवाड्यांत, धाराशिवास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं भूषविलें. ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान प्रथमच मिळत होता. विरोधाचे सूर निघाले, तरी संमेलन पार पडलें. 'सुबोध बायबल' मराठींत आणणारे फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्यें निवर्तले.

श्रोतेहो, इतकें वाचून आपण ख्रिस्ती झालांत काय, असें मला एका स्नेह्यानें विचारलें. नाहीं. आषाढींत माझा उपवास असतो, आणि देव्हाऱ्यांतील विठ्ठल जागच्या जागीं आहे. फरक पडला तो इतकाच कीं, कोणत्याहि धर्ममंडळीविषयीं बोलतांना, मग ती चर्च असो, मठ असो वा जात असो, तिच्या ग्रंथांत काय लिहिलें आहे हें मी आतां मागाहून विचारतों. आधीं विचारतों, तिच्यांत रमाबाईस प्रश्न विचारतां येतो काय. टिळकांस कुंपण हलवून पाहतां येतें काय. श्रीपतास परत येतां येतें काय. आणि मागच्या बाकावरील मुलास आपलें पुस्तक बाकावर उघडें ठेवून वाचतां येतें काय. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ज्या वर्गांत 'नाहीं' असें होतें, त्या वर्गाचा शिक्षक मीच होतों.

सायंकाळीं फिरून परततांना मी क्रांति चौकांत क्षणभर थांबतों. अवतीभवतीं कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते. चाळिशी-पन्नाशीचीं माणसें, हातांत पिशव्या, कोणाच्या गाडीवर मागें शाळेचीं मुलें. त्यांत तो असेल, तर मी त्यास ओळखणार नाहीं. तो कदाचित् मला ओळखील. त्याचें नांव मी येथें उच्चारीत नाहीं. एकदां वर्गादेखत त्यास उभें केलें तेवढें पुरे झालें. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढें समजावें कीं, निळ्या पुठ्ठ्याचें पुस्तक सुरक्षित आहे. सुटलेलीं पानें मीं चिकटविलीं आहेत. पेन्सिलीचीं अक्षरें पुसट झालीं आहेत, पण वाचतां येतात. न्यावयास पाद्रीबोवांनीं येण्याची गरज नाहीं. पत्ता कळवावा, मी स्वतः नेऊन देईन.